कुलूप घडवणाऱ्याचे दायित्व

चोरी झाली की तिची खूण मागे राहते, या समजावर आपली तपासव्यवस्था फार पूर्वीपासून उभी आहे. कडीकोयंडा उचकटलेला असावा, काच फुटलेली असावी, खिडकीचा गज वाकवलेला असावा. पंचांना घटनास्थळी नेऊन हवालदाराने जे लिहून घ्यावयाचे ते याच मोडतोडीचे वर्णन असते, आणि पुढे विमा कंपनीचा तपासनीस ज्याची खातरजमा करतो तेही हेच वर्णन. परंतु गेल्या पंधरा वर्षांत मोटारगाडीच्या चोरीचा असा एक प्रकार जगभर रूढ झाला आहे की, ज्यात मोडतोड जवळजवळ होतच नाही. रात्री दारासमोर उभी केलेली गाडी सकाळी जागेवर नसते. रस्त्यावर काचेचा तुकडा पडलेला नसतो, दोन्ही किल्ल्या घरात जागच्या जागी असतात, आणि शेजारीपाजारी कुणीही भोंगा वाजल्याचे सांगत नाही. अशा चोरीचा पंचनामा करावयाचा तो कशाचा, हा प्रश्न पोलिसांना पडतो. आणि पंचनाम्यात काहीच आढळले नाही म्हणजे ज्याची गाडी गेली त्याच्याकडेच संशयाचा रोख वळतो.

मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आधुनिक गाडीचे कुलूप उघडते ते चोराच्या अलौकिक बुद्धीमुळे नव्हे, तर ते घडवतानाच त्यात दोष राहिलेला असतो म्हणून. यांतील बहुतेक दोष अभ्यासकांनी जाहीरपणे दाखवून दिल्यानंतरही वर्षानुवर्षे तसेच ठेवले गेले. आणि असे असूनही त्यांचा सारा भुर्दंड मालकाने, विमेदाराने आणि सरकारी खजिन्याने सोसावा अशी वहिवाट पडून गेली आहे. ही वहिवाट न्यायाला धरून नाही, व ती बदलण्याचा अधिकार कायद्याला आहे.

हा दोष कशा स्वरूपाचा असतो, हे एका उदाहरणाने नीट पाहू. किल्ली खिशातून न काढता जिचे दार उघडते अशा कीलेस गाडीच्या मुठीला आपण हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या वारंवारतेवर एक क्षीण हाक देते. ती हाक मीटर-दोन मीटरच्या पलीकडे पोचू नये अशी योजना असते. खिशातली किल्ली ती ऐकते आणि उंच वारंवारतेवर, युरोपात बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, गुप्त सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर आले म्हणजे किल्ली जवळ आहे, आणि किल्ली जवळ आहे म्हणजे मालक जवळ आहे, असा निष्कर्ष गाडी काढते. या निष्कर्षाच्या पहिल्याच पायरीवर चोर आपला हात साफ करतो. एक जण वेटोळ्याच्या आकाराची तार पिशवीत घालून घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा तसेच यंत्र घेऊन गाडीजवळ. गाडीची क्षीण हाक पहिल्याच्या यंत्रातून भिंतीपलीकडच्या किल्लीपर्यंत पोचवली जाते, आणि किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. संकेत कुणी फोडलेला नसतो, किल्लीची नक्कल कुणी केलेली नसते. फक्त दोघांमधील अंतर लपवलेले असते. एकदा इंजिन चालू झाले की किल्ली दूर गेली तरी ते बंद पडत नाही, कारण धावती गाडी भर रस्त्यात थांबणे प्रवाशांच्या जिवाला घातक ठरेल. सारा प्रकार मिनिटाभरात उरकतो.

ही गोष्ट जगाला कळली ती चोरांकडून नव्हे. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील ओरेलियाँ फ्रांसियों, बोरिस दानेव्ह आणि स्रजान चापकुन या तीन संशोधकांनी २०११ साली आठ कारखानदारांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग करून पाहिला आणि दहाही गाड्या उघडल्या. त्यांनी उपायही सुचवला होता. रेडिओची लहर एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर अंतर कापते. तेव्हा उत्तर यावयास किती वेळ लागला हे गाडीने काटेकोर मोजले, तर किल्ली खरोखर हाताशी आहे की दुरून कुणी तिचा आवाज आणून पोचवीत आहे, हे तिला कळू शकते. मध्यस्थ कितीही चतुर असला तरी प्रकाशाचा वेग त्याला वाढवता येत नाही. असे अंतर मोजणारी अल्ट्रा-वाइडबँड रेडिओची किल्ली काही महागड्या गाड्यांत पुढे आली खरी, परंतु त्यासाठी बरीच वर्षे जावी लागली, आणि मधल्या काळात जुन्याच पद्धतीच्या गाड्या सुरक्षित म्हणून विकल्या जात राहिल्या.

येथे कारखानदारांच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. गाडीच्या सुरक्षेतील सर्व नवे तंत्र व्यर्थ ठरले, असे मुळीच नाही. किल्लीच्या मुठीत बसवलेल्या चिमुकल्या चिपची ओळख पटल्याखेरीज इंजिनच सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर हा गेल्या शतकातील चोरीविरुद्धच्या अत्यंत यशस्वी उपायांपैकी एक होय. १९९८ पासून जर्मनी, ब्रिटन आदी युरोपीय देशांत नव्या गाड्यांवर तो सक्तीचा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला सुमारे सहा लाख वाहने चोरीला जात; वीस वर्षांनी हा आकडा पाऊण लाखाच्या आसपास उतरला. नेदरलँड्समध्ये यान व्हान ऊर्स आणि बेन व्होल्लार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासानुसार, केवळ या साधनामुळे तेथील मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. मात्र या यशाचे श्रेय कारखानदारांच्या सदिच्छेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सक्तीला द्यावे लागते, याचा पुरावा अमेरिकेने दिला. तेथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी २०११ नंतरच्या दहा वर्षांत तेथे विकलेल्या असंख्य गाड्यांत तो बसवलाच नाही. २०२१ च्या सुमारास मिलवॉकी शहरातील पोरांना स्टीअरिंगखालचे आवरण काढून, मोबाइलच्या केबलचे टोक घालून या गाड्या सुरू करता येतात असा शोध लागला, टिकटॉकवरून ती युक्ती देशभर पसरली, आणि २०२३ साली कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्याच कंपन्यांनी शेजारच्या कॅनडात विकलेल्या गाड्यांत मात्र इमोबिलायझर होता, कारण तेथील कायद्याने २००७ पासून तो अनिवार्य केला होता. कारखानदार तेच, गाडी तीच. फरक होता तो सीमेच्या अलीकडच्या व पलीकडच्या कायद्यात.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. गाडीचे कुलूप घडवणाऱ्यांची दीर्घकाळ अशी श्रद्धा होती की, आतली रचना गुप्त ठेवली म्हणजे कुलूप सुरक्षित राहते. ही श्रद्धा फार जुनी आहे आणि तिचे खंडनही तितकेच जुने आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार तेथे आला आणि ज्याची ख्याती साऱ्या इंग्लंडात होती ते चब कंपनीचे कुलूप त्याने पंचांसमक्ष उघडले. त्यानंतर पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके आव्हानासह मांडून ठेवलेले ब्रामाचे कुलूप त्याने हाती घेतले, आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून तेही उघडले व दोनशे गिनींचे बक्षीस मिळवले. कुलपांचे दोष चारचौघांत सांगितल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड तेव्हाही झाली. हॉब्जच्या पक्षाचे म्हणणे असे होते की, धंदेवाईक चोराला हे दोष आधीच ठाऊक असतात. अंधारात असतो तो बिचारा गिऱ्हाईक. पुढे १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या पंडिताने लष्करी गुप्तलेखनासाठी हाच विचार सिद्धान्तरूपाने मांडला: यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बाधा येऊ नये, गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली.

सव्वाशे वर्षे सर्वमान्य असलेला हा सिद्धान्त मोटारउद्योगाने मात्र बाजूला ठेवला, आणि त्याचे परिणाम एकामागून एक समोर आले. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इमोबिलायझर चिपचा गुप्त संकेत उलगडला. त्याची किल्ली अवघी चाळीस बिटांची होती. म्हणजे शक्य त्या साऱ्या किल्ल्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी, ही संख्या माणसाला अफाट वाटली तरी यंत्राला क्षुल्लक होती. २०१८ साली बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या अत्यंत महाग गाडीची किल्ली काही सेकंदांत नक्कल करून दाखवली, तेव्हा त्या किल्लीत २००५ साली मोडून दाखवलेला तोच चाळीस बिटांचा संकेत आढळला. ही गाडी बाजारात आली २०१२ साली. जे कुलूप मोडल्याची वार्ता सात वर्षे छापील शोधनिबंधात सर्वांसमोर होती, तेच कुलूप नव्या गाडीला बसवले गेले. याला निष्काळजीपणा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दुसरे प्रकरण याहूनही गंभीर आहे, कारण त्यात न्यायालयाचे दार ठोठावले गेले. नाइमेखेन आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांतील रोएल व्हर्दुल्ट, फ्लाव्हिओ गार्सिया आणि बारिश एगे या तिघांना अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेल्या मेगामोस नावाच्या चिपमधील दोष सापडले. त्यांनी चिपच्या उत्पादकाला महिनोन्‌महिने आधी त्याची सूचना दिली. असे असतानाही फोक्सवॅगनने लंडनच्या उच्च न्यायालयातून २०१३ साली मनाईहुकूम मिळवला आणि शोधनिबंधाचे प्रकाशन अडवले. दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर, एक वाक्य गाळून, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या दोन वर्षांत जी गोष्ट लपली ती गिऱ्हाइकापासून. रस्त्यावरच्या गाड्यांतील चिप आहे तीच राहिली. आणि पुढच्याच वर्षी गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, फोक्सवॅगन समूहाने १९९५ पासून विकलेल्या, त्यांच्या अंदाजाने सुमारे दहा कोटी गाड्यांच्या रिमोटची सुरक्षा मूठभर समान गुप्तसंकेतांवर अवलंबून होती. लक्षावधी मालकांना वेगवेगळे कुलूप दिल्याचे भासवून प्रत्यक्षात एकच कुलूप विकणे, हा केवळ तांत्रिक दोष उरत नाही. तो गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा भंग होय.

कुलूप भक्कम झाले तरी घराच्या आतली व्यवस्था भोळी असेल तर काय होते, हे अलीकडच्या एका तंत्राने दाखवले आहे. गाडीतील दिवे, दारे, ब्रेक, इंजिन यांचे छोटे संगणक एकाच तारेवरून परस्परांशी बोलतात. कॅन नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली, आणि तीत संदेश कुणी पाठवला याची शहानिशा करण्याची सोयच नव्हती. गावात दवंडी पिटणाऱ्याच्या तोंडून पाटलाचे नाव ऐकले की हुकूम पाटलाचाच असे सर्वांनी धरून चालावे, तसा हा कारभार. २०२२ साली लंडनमध्ये मोटारींच्या सुरक्षेचाच अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञाच्या टोयोटा गाडीचा बंपर व पुढच्या दिव्याची तार कुणीतरी ओढून काढलेली आढळली. प्रथम तो टवाळखोरांचा उपद्व्याप वाटला. काही दिवसांनी गाडीच नाहीशी झाली. पुढे त्याने व केन टिंडेल या अभियंत्याने शोध लावला तो असा: दिव्याची तार हीच गाडीच्या आतल्या संभाषणात शिरण्याची वाट होती, आणि गाणी ऐकण्याच्या साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या पेटीत दडवलेले यंत्र त्या तारेला जोडून ‘किल्ली खरी आहे’ असा खोटा संदेश सोडता येत होता. किल्लीला येथे कुणी विचारलेच नाही.

या दोषांची किंमत कोण मोजतो, हे कॅनडात लख्ख दिसले. २०२३ साली तेथील विमा कंपन्यांना मोटारचोरीच्या दाव्यांपोटी सुमारे दीड अब्ज डॉलर द्यावे लागले. ती रक्कम अखेर हप्त्यांच्या रूपाने सर्व वाहनमालकांकडून वसूल होते. ज्यांची गाडी कधीच गेली नाही अशांकडूनही. टोरोंटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा या, मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात अशा शहरांत, दारातली गाडी रातोरात माँट्रिअल बंदरातल्या कंटेनरमध्ये जाऊ लागली. एकाच मोहिमेत तेथून ५९८ चोरीच्या गाड्या हस्तगत झाल्याचे पोलिसांनी २०२४ साली जाहीर केले. त्याच वर्षी टोरोंटोच्या एका पोलीस अधिकाऱ्याने नागरिकांच्या सभेत असा सल्ला दिला की, किल्लीसाठी चोर घरात घुसून हल्ला करू नयेत म्हणून ती दाराजवळच ठेवावी. त्या अधिकाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला लोकांच्या जिवाची काळजी होती. परंतु ज्या राज्यव्यवस्थेत पोलिसाला असा सल्ला द्यावा लागतो, तेथे चूक कारखान्याच्या दाराशी सुरू झालेली असते, आणि तेथे कुणी जाब विचारलेला नसतो. सरकारांचा कल मात्र चोराच्या हातातील साधनांवर बंदी घालण्याकडे दिसतो; ब्रिटनमध्येही २०२५ साली त्या आशयाचे विधेयक आले. अशी बंदी मला गैर वाटत नाही. पण केवळ तिच्यावर विसंबणे अपुरे आहे, कारण रेडिओचे सुटे भाग जगात कुठेही मिळतात आणि सदोष गाडी दारात उभीच राहते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक करुण बाजू आहे. महाराष्ट्रात चोरीला जाणाऱ्या वाहनांत दुचाकींचे प्रमाण फार मोठे आहे, आणि त्यांच्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक चिपची ही सारी चर्चा बहुधा पोचलेलीच नसते. एका झटक्यात हँडल लॉक मोडायचा, दोन वायरी जोडायच्या आणि गाडी ‘डायरेक्ट’ चालू करायची, एवढ्याने दूध टाकणाऱ्याची, वर्तमानपत्रे वाटणाऱ्याची, घरोघर जेवण पोचवणाऱ्याची उपजीविका नाहीशी होते. चारचाकीच्या बाबतीत चोरीनंतरचा बाजार मुख्यतः कागदपत्रांवर चालतो: अपघातात चक्काचूर झालेल्या गाडीचे कागद व चेसिस क्रमांक विकत घ्यायचे, तो क्रमांक त्याच बनावटीच्या चोरीच्या गाडीवर ठोकायचा, आणि ती दूरच्या राज्यात खपवायची. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांवर उच्चसुरक्षा नंबरप्लेट आल्या, आणि महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही त्या सक्तीच्या झाल्या. ओळख पटवण्यास त्यांचा उपयोग आहे. परंतु पाटीचा खर्च मालकाने करावयाचा, रांगेत मालकाने उभे राहावयाचे, मुदत टळली तर दंडही त्यानेच भरावयाचा. हँडल लॉक झटक्यात का मोडतो, हे कारखानदाराला विचारायला मात्र कुणी जात नाही.

आणि चोरीनंतर मालकाच्या नशिबी जे येते ते पाहा. फिर्याद नोंदवायची, आरटीओला कळवायचे, विमा कंपनीकडे दोन्ही किल्ल्या, नोंदणीपुस्तक व फिर्यादीची प्रत द्यायची, आणि पोलिसांनी गुन्हा खरा पण तपास लागत नाही अशा अर्थाची ‘अ समरी’ न्यायालयाकडून मंजूर करून आणीपर्यंत हेलपाटे घालायचे. विमा कंपनीला कळवण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून दावे फेटाळले जात असत. अखेर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने असा निर्वाळा दिला की, पोलिसांत फिर्याद वेळेवर दिली असेल तर कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही. न्यायालयाने येथे मालकाला दिलासा दिला. पण ज्याच्या सदोष कुलपामुळे हे सारे घडले तो या संपूर्ण व्यवहारात कुठेच पक्षकार नाही.

कारखानदाराला असे जबाबदार धरण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अभेद्य कुलूप जगात नसतेच. हे खरे आहे, आणि अभेद्य कुलूप कुणी मागतही नाही; मागणी एवढीच आहे की ज्ञात दोष ज्ञात झाल्यावर दूर करावेत. दुसरा आक्षेप किमतीचा. परंतु काही काळ न हलल्यास झोपी जाणारी किल्ली फोर्डने २०१९ साली ब्रिटनमध्ये फिएस्टा व फोकस यांसारख्या सामान्य गाड्यांना दिली. तेव्हा हा उपाय श्रीमंतांपुरता आहे, असे म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: सुरक्षेच्या नावाखाली कंपन्या सर्व दारे बंद करतील, आणि मग गल्लीतल्या मेकॅनिकला गाडीला हात लावता येणार नाही. हे भय रास्त आहे. पण त्याचे उत्तरही केर्कहॉफ्सच्या सिद्धान्तातच आहे. रचना उघड असावी, दुरुस्तीची साधने नोंदणीकृत गॅरेजला माफक दरात मिळावीत, आणि नवी किल्ली घडवण्याची प्रत्येक कृती कुणी, केव्हा केली याची नोंद राहावी. गुप्त ठेवावयाचा तो केवळ त्या त्या गाडीचा संकेत.

मार्ग मुळीच नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२० साली संमत झालेला १५५ क्रमांकाचा नियम गाडीच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी कारखानदारावर टाकतो, आणि युरोपात जुलै २०२४ पासून तो सर्व नव्या गाड्यांना लागू झाला आहे. आपल्याकडेही त्याच धर्तीवर एआयएस-१८९ या मानकाची आखणी झाली आहे, आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे. या मानकात चार गोष्टी ठामपणे असाव्यात, असे मला वाटते. दोष कळवणाऱ्या संशोधकाला कायद्याचे संरक्षण असावे. दोष सिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत, मालकाकडून पैसा न घेता, गाडीच्या पूर्ण आयुष्यभर दुरुस्ती करून देण्याचे बंधन कारखानदारावर असावे. दुचाकीलाही इमोबिलायझर सक्तीचा करावा. आणि ज्ञात दोषामुळे गाडी चोरीला गेली, तर त्या दाव्याचा वाटा कारखानदाराकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला असावा. कारण ज्या दिवशी चोरीचा भुर्दंड कुलूप घडवणाऱ्याच्या खतावणीत पडू लागेल, त्या दिवसापासून कुलपे सुधारू लागतील.

कायदा होईपर्यंत वाचकाच्या हाती एक गोष्ट आहे. पुढची गाडी घेताना रंग, मायलेज आणि सनरूफ यांच्याबरोबर विक्रेत्याला एवढे विचारा: या किल्लीचे अंतर गाडी मोजते काय, किल्ली न हलल्यास झोपते काय, कीलेस सोय मला बंद करता येते काय, आणि पुढे दोष निघाल्यास दुरुस्ती किती वर्षे फुकट मिळेल? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा, आणि ते मिळाल्याखेरीज सही करू नका.